बसायचं कुठं?

‘काय बे, बसायचं का?’ या प्रश्नाचा अर्थ फर्स्ट इयरच्या पोराला पण समजावून सांगावा लागत नाही. कुठं, काय आणि पैसे कोण देणार, एवढंच ठरवायचं बाकी असतं. आता त्यात नवीन प्रकार आलाय. एका जागी बसायचंच नाही. एकाच दुपारी चार-पाच बार फिरायचे, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं घ्यायचं, चकण्याला दहापैकी मार्क द्यायचे आणि रील टाकायचं. इंग्रजीत याला ‘पब क्रॉल’ म्हणतात. मुंबई, पुणे, गोव्यात हे चालूच होतं. आता माहूरच्या ट्रिपचा प्लॅन ठरतानाही हा शब्द कानावर पडतो. सकाळी गड, दुपारी क्रॉल, संध्याकाळी परत.

यावर दोन ठरलेली मतं येतात. मोठी माणसं म्हणतात, ‘साडेतीन शक्तिपीठांतलं एक पीठ, आणि तिथं हे उद्योग?’ पोरं म्हणतात, ‘आमचे पैसे, आमची लाइफ, तुम्हाला काय त्रास?’ मला दोन्ही मतं अर्धवट वाटतात. माझा प्रश्न याहून साधा आहे. माहूर-किनवटसारख्या गावात, एप्रिलच्या उन्हात, दुपारी दोन वाजता, वीस वर्षांच्या माणसानं पंख्याखाली निवांत बसायचं कुठं?

जरा आठवून बघा. बसस्टँडवरच्या बाकड्यावर माणसांपेक्षा पोती जास्त. चहाच्या हॉटेलात कट संपला की मालक फडकं घेऊन टेबल पुसायला येतो. ते टेबल आधीच स्वच्छ असतं, आपण उठावं म्हणून तो पुसतो. रेणुकामातेचं दर्शन झालं, तांबुलाचा प्रसाद हातावर पडला की मागची रांग आपल्याला पुढं ढकलते, आणि ते बरोबरच आहे. दत्तशिखर, अनसूया शिखर, किल्ला सगळं सुंदर, पण तिथं भर दुपारी दगड तापलेला असतो. मग उरते परमिट रूम. अर्धा अंधार, कूलर, गार पाणी, शेंगदाण्याची वाटी, आणि ‘उठा’ म्हणणारं कुणी नाही. एका बिअरवर दोन तासांची जागा मिळते. पोरं तिथं दारूसाठी जातात हे खरंय. जागेसाठी पण जातात, हे कुणी बोलत नाही.

आता ही जागा कुणासाठी आहे ते बघू. ‘परमिट रूम’ हे नाव आलं १९४९च्या दारूबंदी कायद्यातून. कागदोपत्री आपल्या राज्यात आजही परवान्याशिवाय दारू पिता येत नाही, म्हणून ती खोली परमिटवाल्यांची. शिवाय बिअर-वाइनला वयाची अट २१ वर्षं आणि बाकी दारूला २५. म्हणजे बी.ए.-बी.एस्सी.ची जी गँग क्रॉलला निघते, तिच्यातल्या बऱ्याच जणांना तिथं बसायचा हक्कच नाही. हे त्यांनाही माहीत असतं आणि वेटरलाही. म्हणून कोपऱ्यातलं टेबल, म्हणून पडदा. ती जागाच मुळात लपण्यासाठी आहे. अशा जागेत बसून आपण जगाला दाखवायचं रील बनवतो, हा पण एक विनोदच.

ज्यांच्याकडून हा शब्द उचलला, त्यांच्याकडं काय आहे? ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चं छोटं रूप, म्हणजे सगळ्यांना खुलं असलेलं घर. इंग्लंडमधल्या लीड्सला ‘ओटली रन’ म्हणून प्रकार आहे. विद्यार्थी चित्रविचित्र कपडे करून हेडिंग्लीकडून शहराच्या दिशेनं एकेक पब करत चालत जातात. तिथल्या रहिवाशांना त्याचा तापही होतो, त्यामुळं ते फार आदर्श आहे असं काही नाही. पण तिथं मुलं-मुली दोघं असतात, दिवसाउजेडी असतात आणि पायी असतात. आपण शब्द आणला, त्यातलं ‘पब्लिक’ तिकडंच राहिलं.

पायी नसणं ही तर सगळ्यात धोक्याची गोष्ट. आपला क्रॉल बाइकवर होतो. एका गाडीवर तिघं, पुढं गडाचा वळणाचा घाट. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण घाटातल्या वळणाला दंडाची पावती फाडता येत नाही. ते थेट वसूल करतं.

आणि मुली? ट्रिपला मुलं ‘आलोच दहा मिनिटांत’ म्हणून निघाली की मुलींनी काय करायचं असतं? गाडीत बसायचं, सगळ्यांच्या बॅगा सांभाळायच्या, घरून फोन आला तर ‘ते फोटो काढायला गेलेत’ म्हणायचं. मी मुलगी आहे आणि बारमध्ये मला खुर्ची द्या, असं माझं रडगाणं नाही. पण गावातली एकमेव गार, निवांत, कुणी न उठवणारी जागा अर्ध्या गावाला बंद असेल, तर तो फक्त दारूचा प्रश्न राहत नाही.

दुपारी दोनला त्या खोलीत आणखी कोण असतं? ट्रकवाला, बाजाराला आलेला शेतकरी, ज्याला आज काम मिळालं नाही असा मजूर. तुमच्या ‘रॉ व्हाइब’वाल्या रीलमध्ये मागं त्याचा चेहरा येतो, डोळे तांबारलेले. तुम्हाला ते भारी बॅकग्राउंड वाटतं. त्याच्या घरी त्या दुपारी कुणी पैशाची वाट बघत असेल. त्याची पोरगी तुमच्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर असू शकते. तिच्या मोबाइलवर ते रील गेलं तर तिनं लाइक करायचं की ब्लॉक? तुम्ही एक दुपार फिरून परत जाता. तिचा बाप तिथं रोज असतो.

याच माहूर-किनवट पट्ट्यात गोंड, कोलाम, आंध समाजाच्या वस्त्या आहेत. मार्च-एप्रिलात पहाटे मोहाची फुलं वेचायला बायका-पोरं रानात जातात. सणाला, लग्नाला, मर्तिकाला मोहाला मान असतो, आधी देवाला आणि मग माणसाला. मी त्याचं गोडवं गात नाही, दारूनं घरं तिथंही मोडतात. पण तिथं निदान पिणं चारचौघांत होतं आणि जास्त झालेल्याला दटावणारी म्हातारी समोरच बसलेली असते. पडद्यामागच्या टेबलावर दटावणारं कुणी नसतं, बिल आणणारा असतो.

आपल्या राज्यात बाटली उभी की आडवी यावर मतदान होतं. ठरलेलं बहुमत ‘आडव्या बाटली’ला मिळालं की गावातलं दुकान बंद. गावोगावच्या बायकांनी यासाठी मोठे लढे दिलेत. पण दुकान बंद झाल्यावर बसायला दुसरं काय, यावर कुठं मत द्यायचं? ते मागायचं काम आपलं आहे. नगरपंचायतीकडं एक सावलीची जागा मागू, जिथं पंखा, पाणी आणि मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असेल. कॉलेजकडं दुपारी एक वर्ग उघडा ठेवायला सांगू. यात कोट्यवधींचा प्रकल्प काही नाही.

आणि क्रॉल करायचाच असेल तर करा. माहूरमधली सगळी चहाची हॉटेलं, रसवंत्या, भजीचे गाडे एका दुपारी पालथे घाला. अर्धा गाव पायी होतो. रील पण टाका. फक्त मार्क चकण्याला न देता जागेला द्या. पंखा चालू आहे का? पाणी न मागता मिळतं का? किती मिनिटांत फडकं येतं? एकटी मुलगी पुस्तक उघडून अर्धा तास बसली तर किती माना वळतात? अशी यादी एका बॅचनं केली तर पुढच्या दहा बॅचना उपयोगी पडेल, आणि ज्या मालकाला दहापैकी दोन मार्क पडतील तो उद्या स्वतःहून पंखा लावेल.

‘बसायचं का?’ हा आपल्या भाषेतला इतका आपलेपणाचा प्रश्न आहे. तो कुणीतरी मलाही विचारावा, आणि मला खुशाल ‘चल’ म्हणता यावं, एवढीच माझी मागणी आहे.