‘अ‍ॅटॉमिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

तुळजापुरात मंदिर संस्थानाने उभारलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयातला मुलगा लिनक्सचा ड्रायव्हर लिहायला बसला की त्याला सल्ला मिळतो: मेमरी मागताना सरसकट ‘जीएफपी_अ‍ॅटॉमिक’ लाव, कुठूनही मागितली तरी चालते.

या सल्ल्यात तथ्य आहे. इंटरप्ट हाताळताना किंवा स्पिनलॉक धरलेला असताना कोडला थांबून राहता येत नाही. तिथे थांबू शकणारे ‘जीएफपी_कर्नल’ वापरणे ही घोडचूकच. पण म्हणून सगळीकडे अ‍ॅटॉमिक, हे कुठले तर्कशास्त्र? अ‍ॅटॉमिक मागणी थांबत नाही, म्हणूनच कर्नलला जुनी पाने मोकळी करायला वेळ मिळत नाही. ती लवकर अपयशी ठरते आणि आणीबाणीसाठी राखलेल्या साठ्यालाही हात घालते. उपकरण जोडताना चालणाऱ्या प्रोब फंक्शनमध्ये थांबायला पूर्ण मुभा असते. तिथे हा साठा उपसणे म्हणजे नेटवर्क कार्डाच्या इंटरप्टला ऐन वेळी लागणारी मेमरी पळवणे.

दुसरा एक सल्ला असतो: मोठा बफर हवा तर व्हीमॅलॉक आहेच. नवरात्रात तुळजापूरच्या भक्तनिवासात आठ खोल्या रिकाम्या असतील, पण सलग मिळतीलच असे नाही. मेमरीचेही तसेच: नेहमीच्या केमॅलॉकला सलग खोल्याच लागतात. व्हीमॅलॉक विखुरलेल्या खोल्यांना ओळीने क्रमांक देते. ते क्रमांक प्रोसेसरला कळतात, डीएमए करणाऱ्या, म्हणजे प्रोसेसरला वगळून मेमरी थेट वाचणाऱ्या उपकरणाला नाही. म्हणून उपकरण स्वतः वाचणार असलेला बफर व्हीमॅलॉकने घेऊन ‘डीएमए_मॅप_सिंगल’कडे देणे चूकच, त्यासाठी ‘डीएमए_अ‍ॅलॉक_कोहेरंट’ आहे. केवळ प्रोसेसरने वाचायच्या मोठ्या तक्त्याला मात्र २०१७ साली आलेले केव्हीमॅलॉक उत्तम: आधी सलग जागा शोधते, नाही मिळाली तर व्हीमॅलॉककडे वळते.

आकाराकडेही कुणी बघत नाही. चार किलोबाइटची पाने असलेल्या नेहमीच्या यंत्रावर केमॅलॉककडे ४१०० बाइट मागा, पदरात ८१९२ पडतात. रचनेतला एखादा अ‍ॅरे थोडा आवरला की निम्मी जागा वाचते.

माझे म्हणणे एवढेच: इथे थांबता येते का, ही मेमरी उपकरण स्वतः वाचणार का, आणि ती किती मोठी, हे ठरल्याशिवाय फंक्शनचे नाव लिहू नये. माझ्या लॅपटॉपवर चालले, हा पुरावा नव्हे. तिथे मेमरीची चणचण कधी भासलेलीच नसते.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. विद्यार्थ्याचा ड्रायव्हर तपासताना कर्नलमधला ‘फेलस्लॅब’ चालू करा, म्हणजे मागण्या मुद्दाम नाकारल्या जातील. ‘डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप’ही लावा, म्हणजे थांबता येत नाही तिथे थांबणारा कोड उघडा पडेल. मगच गुण द्या.