द्राक्षमळ्यातील पाहुणा आणि गावातील वाडा

द्राक्षशेतीविषयी लिहिताना वाण, खुंट, छाटणी आणि केवडा-भुरीचा बंदोबस्त यांपलीकडे सहसा कोणी जात नाही. आज नाशिक जिल्ह्यातील शेतकरी बंधूंचे व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे लक्ष मी एका निराळ्या गोष्टीकडे वेधू इच्छितो. ती गोष्ट म्हणजे द्राक्षमळे पाहावयास येणाऱ्या पाहुण्याचा मुक्काम. हा मुक्काम कोठे पडतो आणि त्याचे पैसे कोणाच्या हाती जातात, यावर वाइनच्या द्राक्षांचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून राहील, असे माझे मत आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा येथे हेतू नाही. वाइन कोणी प्यावी वा पिऊ नये हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. तिच्यासाठी द्राक्षे पिकविणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न मात्र आपला आहे.

गंगापूर धरणाच्या परिसरात १९९७ च्या सुमारास सोव्हिन्याँ ब्लाँ व शेनिन ब्लाँ या जातींची लागवड झाली व २००० साली सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, उत्पादन शुल्कात सवलत दिली, आणि विंचूर व पलूस येथे वाइन उद्यानांची योजना आखली. पुढील पाचसात वर्षांत अनेकांनी थॉमसनचे मांडव उतरवून शिराझ व कॅबर्ने लावली. मग २००८ साली जागतिक मंदी आली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांतील गिऱ्हाईक आटले आणि वाइन टाक्यांतच पडून राहिली. कारखान्यांनी माल उचलला नाही किंवा उचलून पैसे थकविले. कित्येकांनी वेली उपटल्या, तर कित्येकांनी त्याच खोडावर खाण्याच्या जातीचे कलम बांधले.

या आपत्तीचे मूळ फळातच आहे. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे व जाड सालीचे असते. ते ना हातगाडीवर विकले जाते, ना त्याचा बेदाणा होतो. उतारा मुद्दाम कमी ठेवावा लागतो आणि भाव साखरेच्या अंशांवर ठरतो. खाण्याच्या द्राक्षाला दहा व्यापारी असतात; याला बहुधा एकच. त्यामुळे लेखी कराराशिवाय एकही वेल लावू नये, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि येथेही सांगतो.

या धंद्यातील पैसा आता बाटलीबरोबरच खाटेकडेही वळला आहे. सुलाने २०१० साली मळ्याशेजारी पाहुण्यांसाठी निवास उघडला. इतरांनीही ते अनुकरण केले. ही कंपनी २०२२ च्या डिसेंबरात शेअर बाजारात आली, तेव्हा तिच्या ताळेबंदात वाइन पर्यटनाचे उत्पन्न ही स्वतंत्र बाब होती. मुंबई-पुण्याचा पाहुणा ज्या दृश्यासाठी येतो, ते दृश्य राखण्यात शेजारच्या करारशेतकऱ्याच्या मांडवांचाही वाटा आहे. त्याला मात्र त्याबद्दल किलोमागे एक पैसाही अधिक मिळत नाही. पुढे तोच शेतकरी रस्त्याकडेची दोन एकर जमीन रिसॉर्टवाल्यास विकतो. तेथे काँक्रीटच्या खोल्या उठतात आणि दृश्यही जाते, बागही जाते.

वास्तविक नाशिकला पाहुणचार नवा नाही. क्षेत्रोपाध्यायांचे वाडे पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना उतरवून घेत आले. आलेल्या कुळाचे नाव त्यांच्या वहीत चढत असे, आणि नातू आला की आजोबाची सही त्याला दाखविली जाई. गंगापूर रस्त्याने मळ्यांकडे जाणारी मोटार ज्या आनंदवल्लीवरून जाते, तेथे राघोबादादांचा वाडा होता. चांदवडला होळकरांचा रंगमहाल उभा आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील गावांत दगडी जोत्याचे, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचे, सागवानी खांबांचे वाडे अजून आहेत. चौकात तुळशीवृंदावन, वर माडी, आणि उन्हाळ्याच्या भर दुपारीही पंख्यावाचून बसता येईल असा गारवा. यांपैकी बरेच आज कुलूपबंद आहेत, किंवा त्यांत खतांच्या गोण्या व औषधाचे डबे पडले आहेत.

अन्यत्र काय घडले तेही पाहू. सुलाचे संस्थापक राजीव सामंत कॅलिफोर्नियात शिकून व नोकरी करून आले आणि वाइन करण्याच्या कामी त्यांना तेथीलच तज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे साहाय्य झाले; म्हणून कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्याचे उदाहरण आपल्याला अगदीच परके नाही. त्या खोऱ्याने मुळावरील फिलॉक्सेरा किडीचा उपद्रव सोसला, १९२० ते १९३३ ची दारूबंदी सोसली, आणि १९८० नंतर एएक्सआर-१ हा खुंट त्याच किडीला बळी पडल्याने हजारो एकरांची फेरलागवडही केली. (एकाच खुंटावर सर्व भरवसा ठेवणाऱ्या आपल्या डॉगरिजप्रेमी बागाईतदारांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.) पण माझ्या दृष्टीने तेथील खरी मोठी घटना १९६८ सालची. त्या वर्षी नापा काउंटीने खोऱ्यातील जमीन शेतीसाठी राखीव ठरविली आणि वीस एकरांपेक्षा लहान तुकडे पाडण्यास मनाई केली. पुढे ही मर्यादा आणखी वाढविण्यात आली. १९९० साली तर राखीव शेतजमिनीचा वापर बदलण्यास मतदारांची संमती आवश्यक झाली. पुष्कळ जमीनमालकांचा आरंभी याला विरोध होता.

परिणाम असा झाला की पाहुण्यांच्या खोल्या मुख्यत्वे गावांत राहिल्या आणि जुन्या इमारतींना पुन्हा भाव आला. नापा गावात नदीकाठी १८८४ साली बांधलेली हॅट यांची विटांची गिरणी आज उतारूंचे निवासस्थान आहे. तेथेही सर्व आलबेल नाही. घरे इतकी महागली की वेली छाटणाऱ्या मजुरांना राहावयास जागा उरली नाही. शेवटी मळेवाल्यांवर आकारणी बसवून काउंटीला मजुरांसाठी निवासकेंद्रे चालवावी लागली. आणि अलीकडे वाइनचा खप घटल्याने कॅलिफोर्नियातही वेली उपटल्या जात आहेत. पाहुण्यावर सारी भिस्त ठेवू नये, हे यावरून उघड आहे. तो जोडधंदा आहे, गाई-म्हशींप्रमाणे.

आपल्याकडे एकराच्या आतल्या धारणेवर नापाचा नियम जसाच्या तसा लागू करणे शक्य नाही, हे मी जाणतो. परंतु बाग मोडून खोल्या बांधण्याऐवजी गावठाणातील वाडा दुरुस्त करणे तर शक्य आहे? राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० सालापासून अस्तित्वात आहे आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. "वाड्याच्या दुरुस्तीपेक्षा नव्या खोल्या स्वस्त पडतात," असे मला नेहमी ऐकविले जाते. त्या हिशेबात गमावलेल्या बागेचे उत्पन्न धरलेले नसते. आणि दुरुस्तीही पुष्कळदा चुकीची होते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते आणि भिंत फुगते. तेथे चुन्याचाच गिलावा हवा. न्हाणी व शौचकूप जुन्या भिंतीत न खोदता परसात वेगळे बांधावेत. वाळवीचा बंदोबस्त आधी, रंगरंगोटी मागाहून. औषधाचे डबे तर आजच बाहेर काढावेत, मग पाहुणे येवोत वा न येवोत.

खरी अडचण भाऊबंदकीची आहे. एका वाड्यात सात-सात, अकरा-अकरा वाटेकरी असतात. एक पुण्यास, एक नाशिकला, तिसऱ्याचा पत्ता नाही. कौल बदलण्याचा खर्च कोणी करावयाचा यावर एकमत होईपर्यंत माडी खाली येते. वाटेकऱ्यांनी लेखी संमतीपत्र करून एकाकडे चालविण्याचा अधिकार द्यावा आणि उत्पन्न हिश्श्याने घ्यावे, यावाचून मला दुसरा मार्ग दिसत नाही.

दुसरी गोष्ट घरातील बाईची. पाहुण्यांची गर्दी जानेवारी ते मार्च या तोडणीच्या काळातच होते. त्या दिवसांत ती पहाटेपासून बागेत असते. तिने वर आठ माणसांच्या भाकऱ्याही थापाव्यात, ही अपेक्षा अन्यायाची आहे. स्वयंपाकास मजुरी देऊन मदतनीस ठेवावी आणि निवासाचे बँकखाते तिच्या नावे उघडावे. बागेत गोडी छाटणीनंतर फवारण्या चालू असतात, तेव्हा पाहुण्यास मांडवाखाली नेऊ नये. परवान्याशिवाय वाइनचा एक पेलाही विकू नये. त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आधी चौकशी करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या गावातील वाड्यांची एक यादी करावी. वाडा कोणाचा, वाटेकरी किती, कौल शाबूत आहेत की नाहीत, विहीर वा नळ आहे काय, आणि सर्वांत जवळचा वाइनच्या द्राक्षांचा मळा किती अंतरावर आहे, एवढ्या पाच बाबी पुरेत. यादी तालुका कृषी कार्यालयात पोहोचती करावी. २०२७ च्या सिंहस्थात या जिल्ह्यात निवासाची मागणी वाढणारच आहे, आणि एका माडीची दुरुस्ती म्हटली तरी दोन उन्हाळे लागतात.