वेग भरपूर, तरी खेळ का अडतो?

सदर : घरगुती तंत्र-मंत्र



गेल्या अंकापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली, तेव्हा या खेपेला तीच घेऊ. तक्रार अशी: घरी मोबाइल कंपनीचं ‘होम इंटरनेट’ घेतलं. केबलपेक्षा स्वस्त, भिंतीला भोकं पाडायला माणूस यायला नको, पेटी खिडकीत ठेवली की झालं काम. वेग मोजला तर तीनशे मेगाबिट. सिनेमे बिनबोभाट दिसतात. पण चिरंजीव ऑनलाइन खेळायला बसले की दर दोन मिनिटांनी ‘लॅग! लॅग!’ म्हणून आरडाओरडा. आता याला काय म्हणायचं?

एका वाचक भगिनींनी पुढे लिहिलंय, की त्यांचा मुलगा दर शनिवारी पुण्याच्या मावसभावाबरोबर खेळतो, आणि आठवड्यातून सलग मराठी बोलतो तो तेवढाच एक तास. खेळ अडला की दोघं वैतागून उठतात आणि त्याबरोबर मराठीही बंद. तेव्हा हा प्रश्न पोरखेळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

अमेरिकेत व्हेरायझनने २०१८ साली चार शहरांत आणि टी-मोबाइलने २०२१ साली मोठ्या प्रमाणावर ही सेवा सुरू केली, आणि आपल्यातल्या बऱ्याच कुटुंबांनी ती घेतली. खेळ अडण्याची कारणं मुख्यतः तीन: रांग, पत्ता आणि अंतर. तिन्हींची औषधं वेगळी. म्हणून आधी निदान करा, मग खिशात हात घाला.

वेग वेगळा, विलंब वेगळा

तीनशे मेगाबिट म्हणजे नळाची तोटी किती मोठी, एवढंच. प्रत्यक्ष खेळताना बहुतेक खेळांना सेकंदाला एक मेगाबिटही पुरतो. खेळाला हवा असतो तो जलद निरोप. मुलाने बटण दाबलं, ते सर्व्हरला कळलं, तिकडून उत्तर आलं, या जाण्यायेण्याला लागणारा वेळ म्हणजे ‘पिंग’. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. चाळीस-पन्नास असला तर उत्तम, शंभरपर्यंत चालतं. मात्र तो एकदा चाळीस, एकदा तीनशे, पुन्हा साठ असा उड्या मारू लागला की खेळाचा विचका होतो. सिनेमा पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो म्हणून त्याला अशा उड्या जाणवत नाहीत. खेळाला पुढचा क्षण साठवता येत नाही.

तपासणी सोपी आहे. संगणकावर काळी आज्ञा-खिडकी उघडा आणि इंग्रजीत ‘पिंग’ लिहून पुढे आपल्या पेटीचा पत्ता द्या (तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो आणि पेटीखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो). मग तीच आज्ञा ८.८.८.८ या पत्त्यासाठी द्या. पेटीपर्यंतचाच आकडा नाचत असेल तर दोष घरातल्या वायफायचा. पेटीपर्यंत दोन-तीन आणि बाहेर मात्र नाचानाच, तर दोष पेटी आणि टॉवर यांच्यामधला. ही तपासणी दुपारी एकदा आणि रात्री आठला एकदा करा, आकडे कागदावर लिहून ठेवा.

दोष घरातला निघाला तर पहिला उपाय दहा-पंधरा डॉलरांचा: खेळाचं यंत्र पेटीला केबलने जोडा. पेटी एका टोकाला आणि मुलाची खोली दुसऱ्या टोकाला असेल तर लांब केबल घ्या. मधे वायफाय वाढवणारं यंत्र लावलं तर सिग्नलच्या कांड्या वाढतात, पण बऱ्याचदा विलंबही वाढतो.

पेटीची जागा

दोष बाहेरचा असेल तर आधी पेटीची जागा बदलून पाहा. पेटीच्या ॲपमध्ये सिग्नलचे आकडे दिसतात. त्यातला एक असतो वजा चिन्हाचा. वजा ८० चांगला, वजा ११० वाईट. दुसरा सांगतो, गोंगाटातून आवाज किती स्पष्ट येतो. तो २० च्या आसपास असेल तर छान, शून्याखाली गेला तर कठीण. नव्या घरांतल्या काचांवर उष्णता अडवणारा धातूचा अतिशय पातळ थर असतो, तो सिग्नलही अडवतो. त्यामुळे समोर टॉवर दिसतो त्या खिडकीपेक्षा वरच्या मजल्यावरची दुसरी खिडकी सरस ठरू शकते. प्रत्येक जागी पेटी पाच-दहा मिनिटं ठेवून आकडे पाहा. भर उन्हात मात्र ठेवू नका, पेटी तापते.

नळावरची रांग

जागा चांगली, केबल लावली, तरी घरात कुणी मोठी फाइल पाठवायला घेतली की खेळ अडतो? मग हे रांगेचं दुखणं. सार्वजनिक नळ आठवा. पुढचा माणूस भलंमोठं पिंप भरतोय आणि मागे तुम्ही तांब्या घेऊन उभे. पाणी जोरात येतंय, पण पिंप भरेपर्यंत तुमचा नंबर लागत नाही. फोनवरचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढत असतात, ते पिंप. खेळाचा निरोप म्हणजे तांब्या. मोबाइल इंटरनेटवर पाठवण्याचा वेग येण्याच्या वेगापेक्षा पुष्कळ कमी असतो, म्हणून ही रांग तिथेच लागते. तंत्रज्ञांनी याला ‘बफरब्लोट’ असं नाव दिलंय.

फुकटचा उपाय: खेळाच्या तासात फोटो चढवणं आणि खेळांचे नवे भाग उतरवणं बंद ठेवा. विकतचा उपाय: तांब्यावाल्याला आधी सोडणारा राउटर. त्याच्या माहितीत ‘एसक्यूएम’, ‘एफक्यू-कोडेल’ किंवा ‘केक’ यांपैकी काही लिहिलंय का ते पाहा. त्यात वेगाची मर्यादा घालावी लागते. ती रात्रीच्या सर्वांत कमी वेगाच्याही पाऊण पट ठेवा. वेगमोजणीत आकडा घसरलेला दिसेल, पण खेळ सुरळीत होईल.

राहिली टॉवरवरची रांग. तिथे तुमचं काही चालत नाही. या सेवेच्या बहुतेक योजनांत गर्दीच्या वेळी आधी फोनवाल्यांना वाट मिळते, मग घरच्या पेट्यांना. कागदावरचे आकडे दुपारी चांगले आणि रात्री वाईट असतील तर कारण बहुधा हेच. त्यावर महागडी ‘गेमिंग’ केबल किंवा दिवे लुकलुकणारा राउटर घेऊन उपयोग नाही.

चाळीचा एकच पत्ता

कधी लॅग नसतो, पण मित्राच्या खेळात शिरताच येत नाही किंवा बोलणं ऐकू येत नाही. यंत्र म्हणतं, ‘एनएटी स्ट्रिक्ट’. हा पत्त्याचा घोळ.

इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले, आणि उत्तर अमेरिकेचा शिल्लक साठा सप्टेंबर २०१५ मध्ये संपला. म्हणून मोबाइल कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता देतात. एखाद्या चाळीचा एकच पत्ता असावा आणि खोली नंबर बाहेर कुणालाच ठाऊक नसावा, तसं. तुम्ही पत्र पाठवलंत तर दारवान नोंद ठेवतो आणि उत्तर तुमच्या खोलीत पोचवतो. पण बाहेरून कुणी आपणहून पत्र धाडलं, तर कोणत्या खोलीचं म्हणून ते परत जातं.

खात्री करून घ्यायची असेल तर पेटीच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि ‘माझा आयपी पत्ता काय’ असं गूगलला विचारल्यावर दिसणारा पत्ता ताडून पाहा. दोन वेगळे असतील, किंवा पहिला १००.६४ ते १००.१२७ या टापूतला असेल, तर तुम्ही चाळीत राहता. (ताडताना दोन्हीकडचे जुन्या पद्धतीचे, चार आकडी गटांचे पत्ते घ्या.) मग ‘पोर्ट फॉरवर्डिंग करा’ हा शेजाऱ्यांचा सल्ला फुकट जातो. आपल्या खोलीचं दार उघडलं तरी चाळीचं फाटक बंदच.

यावर मार्ग चार.

एक: मधल्या सर्व्हरवर चालणारा खेळ निवडा. तिथे दोघंही आपल्या बाजूने पत्र धाडतात, त्यामुळे दारवान अडवत नाही. माइनक्राफ्टमध्ये मुलाने आपल्या यंत्रावर उघडलेल्या जगात भावाला शिरता येत नसेल, तर ‘रेल्म्स’ची मासिक वर्गणी भरा. ते जग कंपनीच्या सर्व्हरवर राहतं.

दोन: स्वतःचा राउटर असेल तर त्यातली आयपीव्ही-६ ही नवी पद्धत बंद ठेवू नका. तिच्यात पत्त्यांची टंचाई नाही, आणि एक्सबॉक्ससारखी यंत्रं ती वापरतात.

तीन: पेटीमागे दुसरा राउटर नुसता वायफायसाठी लावला असेल तर तो ‘ॲक्सेस पॉइंट’ करून टाका, म्हणजे एक दारवान कमी होईल. रांग सांभाळायला घेतला असेल तर मात्र राउटर म्हणूनच राहू द्या.

चार: स्वतंत्र पत्ता देणारी पैसे भरून घ्यायची व्हीपीएन, किंवा कंपनी देत असेल तर व्यावसायिक योजनेतला कायमचा पत्ता. व्हीपीएनने हेलपाटा वाढतो, म्हणून हा उपाय शेवटी. फुकटच्या व्हीपीएनच्या नादी लागू नका.

साता समुद्रांचं काय?

आता तिसरं कारण, अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. न्यू जर्सी ते पुणे सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन येऊन पंचवीस हजार, म्हणजे निसर्गनियमानेच सव्वाशे मिलिसेकंद. समुद्रातल्या तारा सरळ जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या वर. हे कुठल्याही कंपनीला फोन करून कमी होणार नाही.

पण तडजोड करता येते. खेळात सर्व्हरचा प्रदेश निवडता येत असेल तर युरोप निवडा. लंडन जवळजवळ वाटेवरच आहे, त्यामुळे विलंब दोन्ही भावांत वाटला जातो आणि एकावर अन्याय होत नाही. गोळीबाराचे आणि शर्यतीचे खेळ स्थानिक मित्रांसाठी ठेवा. पुण्याच्या भावाबरोबर बुद्धिबळ, लूडो, माइनक्राफ्टमधलं घरबांधणीचं काम असे खेळ ठेवा. त्यांत पाव सेकंदाने काही बिघडत नाही, आणि बोलायला सवडही जास्त मिळते.

वेळही तशीच निवडा. आपल्याकडे पूर्व किनाऱ्यावर शनिवारी सकाळी नऊ वाजतात, तेव्हा पुण्यात उन्हाळी वेळेनुसार संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. म्हणजे तिकडे मुलं घरी, आणि इकडे टॉवरवर रात्रीसारखी झुंबड नाही. आमच्या पत्रलेखिका भगिनींना पहिला सल्ला हाच: पेटी बदलण्याआधी शनिवारची वेळ सकाळची करा, केबल जोडा आणि त्या तासात घरातल्या सगळ्यांचे फोटो चढवणं थांबवा. एवढ्याने भागलं तर उत्तमच. नाहीच भागलं, तर पिंगचे आकडे, पेटीचे सिग्नल आणि एनएटीचा प्रकार लिहून पुढच्या अंकाआधी पाठवा, म्हणजे नेमकं काय ते सांगता येईल. मुलांना मात्र तोवर खेळू द्या, आणि खेळताना बोलू द्या!