शिकवण्याचा अर्धा तास

पुणे-सातारा महामार्गावर सारोळ्याच्या पुलावरून नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि शिरवळ-खंडाळ्याचा कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. नदीच्या अलीकडे, याच महामार्गालगत, धांगवडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पदवी या काठाला आणि नोकरी त्या काठाला, गाडीने काही मिनिटांचं अंतर. तरीही पदवीधर पोराचा खरा अभियंता व्हायला दोन-तीन वर्षं जातात आणि त्या काळात त्याला हाताशी धरणारं बहुतेक ठिकाणी कुणी नसतं.

पहिल्या दिवशी त्याला ओळखपत्र आणि सेफ्टी शूज मिळतात. सुपरवायझर सांगतो, "बघत राहा, हळूहळू कळेल." या सुपरवायझरला दोष देता येत नाही. शिफ्ट संपताना त्याला किती नग निघाले, किती रिजेक्ट झाले, मशीन किती वेळ बंद होतं एवढंच विचारलं जातं. नव्या पोराला ड्रॉइंगवरचा टॉलरन्स समजावण्यात अर्धा तास गेला, तर त्या अर्ध्या तासासाठी कुठल्याही तक्त्यात रकाना नाही. उलट तो वाया गेलेला वेळ ठरतो. मग ट्रेनीच्या वाट्याला एक्सेलचे तक्ते येतात, नाहीतर माणूस कमी असेल त्या मशीनवर उभं राहणं येतं.

कायद्याला हे अपेक्षित नाही. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात 1973च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारकही आले. प्रशिक्षण पात्र माणसाच्या हाती असावं, त्यासाठी पुरेसे शिकवणारे असावेत, ही मालकाची जबाबदारी याच कायद्याने ठरवली आहे. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइमही लावता येत नाही. 2019च्या नियमांनी पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना 9000 रुपये ठरवलं आणि किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकारने उचलला. म्हणजे या शिकण्यासाठी जनतेचा पैसा लागतो, तेव्हा शिकवलं किती हे विचारण्याचा हक्कही जनतेला आहे. 'ट्रेनी' म्हणून कंपनीने थेट घेतलेल्या पोरांना तर या कायद्याचं छत्रही नसतं.

कामावरच माणूस घडवणं महाराष्ट्राला नवं नाही. 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा तयार इंजिनिअर मिळण्याची वाट लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पाहिली नाही. त्यांचे सहकारी शंभोअण्णा जांभेकर यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. यंत्रशाळेतल्या कामानेच त्यांना घडवलं. तिथे माणसं घडवणं हा कारखानदारीचाच भाग होता.

आज शिकवणारे नाहीत असंही नाही. वीस-वीस वर्षं सीएनसीवर काढलेले, आवाजावरून टूल झिजल्याचं ओळखणारे आयटीआयचे ऑपरेटर प्रत्येक शॉपमध्ये आहेत. अडचण अशी की नवा पदवीधर त्यांचा 'साहेब' असतो. साहेबाला चूक कशी दाखवायची म्हणून ऑपरेटर गप्प राहतो, आणि आपलं अज्ञान उघडं पडेल म्हणून साहेब विचारत नाही. दोघांमधला हा संकोच व्यवस्थापनानेच मोडला पाहिजे. पहिले सहा महिने शिकवणारा ऑपरेटर हाच त्या पोराचा गुरू, असं लेखी ठरवावं आणि शिकवण्याचे पैसे त्याला वेगळे द्यावेत.

"पोरं टिकत नाहीत, शिकवून काय उपयोग?" असं व्यवस्थापक म्हणतात. पण वर्षभर नुसते तक्ते भरलेल्या पोराने थांबावं तरी कशासाठी?

मागणी मोठी नाही. नेमणूकपत्रावर शिकवणाऱ्याचं नाव हवं. शिफ्टमधला अर्धा तास शिकवण्यासाठी राखून तो त्याच्या कामात धरला जावा. टूलरूम, क्वालिटी, मेंटेनन्स अशी विभागांची फेरी व्हावी. आणि ट्रेनीची रोजची वही असावी, तिच्यावर दर आठवड्याला शिकवणाऱ्याची सही असावी.

नवख्यांनीही एक करावं. मशीनजवळच्या काकांना 'काका, हे असं का?' असं निःसंकोच विचारावं. शिरवळच्या कारखानदारांनी मात्र त्या काकांना उत्तर द्यायला वेळ द्यावा आणि तो वेळ उत्पादनाच्या तक्त्यात लिहावा. हा रकाना येत्या महिन्यापासून सुरू करायला कुठल्याही सरकारी आदेशाची गरज नाही.