बिऱ्हाड चाकावर, पण मुक्काम कुठे?

भाड्याची खोली सोडून द्यायची, एखादी गाडी घेऊन तिच्यातच स्वयंपाकघर, बिछाना, संडास बसवायचा आणि कायमचं तिथंच राहायचं, हे वेड आता आपल्याकडच्या तरुणांनाही लागलं आहे. कारणं समजण्यासारखी आहेत. पुण्या-मुंबईत घरभाडं पगाराचा मोठा लचका तोडतं. लॅपटॉपवरचं काम कुठूनही होतं. आणि आमच्यासारख्यांना तर ‘नाव काय?’ या प्रश्नाचं उत्तर दिलं की दाखवलेली खोली अचानक ‘कालच गेली’ अशी होते. मग घरमालकच नको, घराला चाकं असू देत, हा मोह आणखी वाढतो.

असं ठरवणारा प्रत्येक जण आधी विचारतो, गाडी कुठली घेऊ? माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की रात्री गाडी लावणार कुठे, पाणी कुठे भरणार, मैला कुठे टाकणार, आणि पहाटे कुणी काचेवर टकटक करून ‘तुम्ही कोण? इथं का थांबलात?’ असं विचारलं तर काय सांगणार? हा प्रश्न सुटला तर साधी गाडीही पुरते. तो सुटला नाही तर कोटभर रुपयांचा कॅम्परही रस्त्याच्या कडेला उभी केलेली एक संशयास्पद गाडीच ठरतो.

तरीही गाडीबद्दल आधी बोलून घेऊ. व्हिडिओंत दिसणारे ‘एक्सपिडिशन कॅम्पर’, म्हणजे चारही चाकांना जोर असलेल्या ट्रकवर बसवलेली घरं, सहारा आणि सैबेरियासाठी बनतात. साताऱ्याहून निघालेल्याला त्यांची गरज नाही. आपल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत एसटी जाते. अडचण येते ती लांबी-रुंदीची, घाटातल्या वळणांची आणि गावच्या वेशीतल्या खाली लोंबणाऱ्या तारांची. फोर्स ट्रॅव्हलरसारखी उंच छताची, कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारी गाडी दोन माणसांना पुरेशी आहे.

हिशेब वजनाचा आणि विजेचा करावा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि काटकसरीनं वापरलं तरी दोघांना ते तीनेक दिवसच पुरतं. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी साधारण अडीच युनिट वीज साठवते. एक टनी एसी ती दोन-तीन तासांत पिऊन टाकतो. छतावरच्या चारशे वॅटच्या सोलर पॅनेलातून चांगल्या उन्हाच्या दिवशी दीड-दोन युनिट मिळतात. म्हणजे पंखा, दिवे, लॅपटॉप आणि छोटा फ्रिज चालेल, पण वैशाखात पत्र्याच्या डब्यात एसी लावून झोपणं विसरायचं. एसीवर पैसे घालण्यापेक्षा छताला जाड इन्सुलेशन आणि दोन बाजूंना समोरासमोर खिडक्या हव्यात.

कायद्याचंही पाहावं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. म्हणून सुताराला हाताशी धरण्याआधी आरटीओत जावं. गाडीचं एकूण वजन साडेसात हजार किलोंच्या आत ठेवलं तर हलक्या वाहनाचा परवाना चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हीच मर्यादा कायम केली.

एवढं केलं की गाडी झाली. मुक्कामाचं काय? याचं उत्तर शोधायला कोरेगावकरांना लांब जावं लागत नाही. चिमणगावचा साखर कारखाना सुरू झाला की तालुक्याच्या रस्त्यांवर बिऱ्हाडंच बिऱ्हाडं दिसू लागतात. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेल्या ऊसतोड टोळ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा टायरगाडीत भांडीकुंडी, ज्वारीची पोती, चूल, शेळी, कोंबड्या आणि वर बसलेली पोरं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ पाच-सहा महिने घराबाहेर राहतो. दिवाळीच्या सुमारास माण-खटाव-फलटणकडचे मेंढपाळही घोड्यांवर संसार लादून बाहेर पडतात. आपल्या भाषेत ‘बिऱ्हाड’ या शब्दाला भाड्याच्या घराइतकाच हलत्या संसाराचाही अर्थ आहे, तो उगाच नाही.

ही माणसं मुक्काम कसा निवडतात ते बघावं. मेंढपाळ शेतकऱ्याशी आधी बोलणी करतो. रात्री मेंढरं रानात बसवायची, रानाला खत मिळायचं, बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. थांबण्याच्या हक्काचा तो रोखठोक करार असतो. ऊसतोड मजूर गाडीत राहात नाहीत, गाडी ऊस वाहायला मोकळी लागते. म्हणून तळावर कोपी उभी राहते आणि हंगाम संपला की मोडते. गाडी आणि घर वेगळं ठेवण्यातला हा शहाणपणा लाखो रुपयांच्या कॅम्परलाही नसतो. गाडी गॅरेजमध्ये गेली की त्याचा मालक बेघर होतो.

पण या हलत्या संसाराकडे रोमँटिक नजरेनं पाहू नये. तळावर संडास नसतो, न्हाणीला आडोसा नसतो, अंधार असतो. त्याची किंमत बाया मोजतात. उजाडण्याआधी उरकायचं, दिवसभर पाणी कमी प्यायचं, पाळीतही मोळ्या वाहायच्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणात काढली गेल्याचं समोर आलं, तेव्हा २०१९ मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्यामागे खाडा परवडत नसल्याची सक्ती आहे, तशीच पाण्या-संडासाविना काढलेल्या हंगामांतून जडणारी दुखणीही आहेत.

आता सरकारचा न्याय बघा. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरव्हॅन पार्क उभे राहावेत, तिथं पाणी, वीज, स्वच्छतागृह असावं, ही त्यातली कल्पना चांगलीच आहे. म्हणजे चाकावर राहणाऱ्याला काय लागतं हे सरकारला नेमकं ठाऊक आहे. फक्त तो चाकावरचा माणूस पर्यटक असायला हवा. मजूर असेल तर त्याच्यासाठी पाणंदीची कड आहेच.

हा भेद जुना आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला. पण गावाबाहेर पाल पडलं की पोलीसपाटलाला कळवण्याची सवय गेली नाही. आधी पत्ता दाखवा, मग माणूस म्हणून बोलू, असा सगळा कारभार आहे.

याबाबत आपल्याच परंपरेत वेगळा विचार आहे. इस्लाममध्ये मुसाफिराला सवलत असते. त्याची चार रकातींची फर्ज नमाज दोनवर येते, आणि जकातीच्या आठ हक्कदारांत अडलेला वाटसरूही आहे. हनफी मतानुसार एखाद्या गावी पंधरा दिवस राहायची निय्यत केली की माणूस तिथला मुकीम, म्हणजे रहिवासी होतो. मग जे कायम तंबूतच राहतात आणि चाऱ्यामागे फिरतात, त्यांचं काय? बुरहानुद्दीन मर्गिनानी (मृत्यू ११९७) यांच्या ‘हिदाया’त हा प्रश्न आला आहे, आणि तंबूवाले लोक मुकीमच होत, हे मत तिथं अधिक योग्य मानलं आहे. जागा बदलली म्हणून त्यांचं रहिवासीपण जात नाही. आठशे वर्षांपूर्वी फकिहांना जे उमगलं, ते आमच्या तहसील कचेरीला अजून उमगायचं आहे.

मुक्कामाची सोय करणं हे एकेकाळी राज्यकर्त्यांचं कामच होतं. शेरशाहनं हमरस्त्यांवर सराया बांधल्या, अहिल्याबाईंनी देशभर विहिरी आणि धर्मशाळा उभारल्या. फ्रान्समध्ये २००० सालच्या कायद्यानं पाच हजारांहून अधिक वस्तीच्या गावांवर फिरत्या लोकांसाठी थांबे पुरवण्याची जबाबदारी टाकली. ब्रिटननं ती १९६८ मध्ये स्थानिक संस्थांवर टाकली आणि १९९४ मध्ये काढून घेतली. हे काम होऊ शकतं आणि इच्छा मेली की मोडतंही, हे दोन्ही यातून दिसतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कॅरव्हॅन पार्क जरूर व्हावेत, पण ते प्रत्येक बिऱ्हाडाचे थांबे व्हावेत. सातारा-पंढरपूर रस्त्यावर कोरेगावजवळ असा एक थांबा असावा. नळ, संडास, न्हाण्या, रात्रभर दिवे, मोबाइल चार्जिंग, जनावरांना पाण्याचा हौद आणि मुक्कामाचा ठरलेला अवधी. पर्यटकानं भाडं भरावं. मजुरांचा खर्च ज्यांच्या गाळपासाठी ते आले, त्या कारखान्यांनी उचलावा. हंगामात तो मजुरांचा आणि उन्हाळ्यात फिरस्त्यांचा, असाही चालेल.

आणि जे तरुण कॅम्पर बांधायला निघालेत त्यांना एवढंच सांगेन. आधी भाड्याच्या गाडीत एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढा. बँकेच्या आणि मतदानाच्या कामासाठी एक कायमचा पत्ता राखून ठेवा. गावात थांबायचं तर मेंढपाळासारखं आधी विचारा, आणि बदल्यात काहीतरी द्या. मग गाडी निवडा. थांब्यासाठी ग्रामपंचायतीकडे, आमदाराकडे अर्ज कराल तेव्हा त्यात शेजारच्या तळावरच्या बायांसाठीही संडास मागा. तुमचा अर्ज वाचला जाईल. त्यांचा आजवर वाचला गेलेला नाही.