आधी स्टिअरिंग बघा, मग आतला सोफा

परवा मित्राचा फोन. मुलगा जर्मनीत आहे. "तिथून नवीकोरी कॅम्परव्हॅन घेतो, महिनाभर युरोप फिरतो, मग बोटीनं न्हावाशेव्याला आणतो." बेत झकास! पण त्यात दोन खोड्या आहेत, आणि अशी स्वप्नं हल्ली बरेच जण बघतायत म्हणून इथे लिहितोय.

पहिली खोडी, जर्मनीतल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे आयातीला उजवीकडेच लागतं, हेडलाइटही आपल्या वाहतुकीला जुळणारे. म्हणजे ब्रिटनसाठी बनलेलं मॉडेल शोधा.

दुसरी जास्त महागात जाते. तिथं फिरायचं तर पासिंग करून नंबर घ्यावा लागणार. आणि परदेशात एकदा नोंदणी झाली की आपल्या नियमानं गाडी नवी राहत नाही, मग ती पाचच किलोमीटर पळालेली का असेना. जुनी म्हटली की फक्त मुंबई बंदर. न्हावाशेवा विसरा. गाडी अडकली की बंदराचं भाडं रोज चढतं, एजंट तेव्हा नियम समजावतो.

हौसेवर कर घ्या, माझी हरकत नाही. किंमत, बोटीचं भाडं, विमा या सगळ्यावर कस्टम ड्युटी, आणि ड्युटी धरून वर पुन्हा जीएसटी. घ्या बापडे. पण हे नियम साध्या मराठीत एका पानावर द्यायला काय जातं?

राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. आपल्या तालुक्यात व्हॅनच्या संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, ते मात्र विचारू नका.

मित्राला म्हटलं, तिथंच भाड्यानं घे, फिर आणि विमानानं ये. तो अजून ब्रिटनचे भाव बघतोय.