तहनाम्यावर गावाची साक्ष

बस्तरच्या अरण्यात शासन आणि माओवादी यांच्यामध्ये बोलणी व्हावीत म्हणून गेल्या दोन दशकांत जे यत्न झाले, त्यांचा इतिहास आपल्या क्षेत्रातील मध्यस्थांनी, वकिलांनी आणि ग्रामसंघटकांनी पुन्हा एकवार चाळावा, अशी वेळ आली आहे. शेजारच्या आंध्रात, एस. आर. शंकरन यांच्या नागरिक समितीने वर्षानुवर्षे खेडोपाडी हिंडून सिद्ध केलेल्या भूमीवर, 2004 च्या ऑक्टोबरात उभयपक्षी बैठक भरली खरी, परंतु तिची दुसरी फेरी कधीच झाली नाही. 2010 साली स्वामी अग्निवेश निरोप पोचवीत असतानाच ज्यांच्याशी पत्रव्यवहार चालला होता ते माओवादी नेते आझाद पोलिसांच्या गोळीने मृत्युमुखी पडले आणि तोही धागा तुटला. दोन्ही वेळा बोलण्यांचा सारा भार मूठभर माणसांच्या विश्वासावर होता. ज्यांच्या शिवारात हे युद्ध चालले त्यांना बैठकीत आसन नव्हते.

याच्या उलट एक उदाहरण आहे, आणि त्याचा अभ्यास व्हावा तितका झालेला नाही. 3 एप्रिल 2021 रोजी बिजापूर-सुकमा सीमेवर 22 जवान धारातीर्थी पडले व कोब्रा दलाचे राकेश्वरसिंह मनहास माओवाद्यांच्या कैदेत सापडले, तेव्हा सर्वत्र प्रतिशोधाची भाषा चालू असताना, विनोबांचे अनुयायी आणि 1976 पासून बस्तरात आदिवासी मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेले वयोवृद्ध धरमपाल सैनी, गोंडवाना समाजाचे तेलम बोरय्या आणि काही स्थानिक पत्रकार रानात गेले. आणि 8 तारखेस, शेकडो गावकऱ्यांच्या देखत, मनहास यांची सुटका झाली. ज्यांचा शब्द त्या मुलखात चालतो अशा माणसांनी आणि ज्यांच्यापुढे दिलेले वचन फिरविणे कोणालाही जड जावे अशा गावांनी हे घडविले, असे आमचे मत आहे. शिवकाळात व पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे चाले आणि महजरावर, म्हणजे निवाड्याच्या लेखावर, पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वांच्या साक्षी व निशाण्या पडत. त्या व्यवस्थेतील जातींची उतरंड त्याज्यच होय, परंतु गावाच्या साक्षीवाचून निवाडा टिकत नाही ही तिची जाण आजही उपयोगी पडावी.

2025 च्या ऑक्टोबरात गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी आणि पाठोपाठ जगदलपुरात दोनशेहून अधिक जणांनी शस्त्रे खाली ठेवल्यावर, आता बोलणी करावयाची ती कोणाशी, असा प्रश्न विचारला जातो. आमचे उत्तर असे की ज्यांच्याशी ती प्रथमपासून व्हावयास हवी होती, त्यांच्याशी. बुरकापालच्या माओवादी हल्ल्याच्या खटल्यात पाच वर्षे तुरुंगात काढून 2022 मध्ये निर्दोष सुटलेले 121 आदिवासी आहेत. 2005 मध्ये माओवाद्यांविरुद्धची सलवा जुडूम मोहीम सुरू झाल्यावर आंध्र-तेलंगणाच्या वनांत परागंदा झालेली हजारो कुटुंबे आहेत. वनहक्क कायद्याचे कलम 3 (1) (एम) बेकायदा हुसकावलेल्यांना पुनर्वसनाचा हक्क देते, मात्र विस्थापन 13 डिसेंबर 2005 पूर्वीचे असावे लागते. आणि जळत्या घरातून पोरेबाळे घेऊन निघालेल्या माणसापाशी त्या तारखेचा दस्तऐवज कोठून असणार? तथापि 2007 च्या नियमांतील तेराव्या नियमाने दावेदाराव्यतिरिक्त वडीलधाऱ्यांचे लेखी टिपलेले कथन पुरावा म्हणून मान्य केले आहे. गोंडी जाणणारा लेखनिक, संयम, आणि भयमुक्त बैठक, एवढी सामग्री या कामास पुरते, आणि ती आपल्यापाशी आहे. जे 2006 साली उठले, ते या तरतुदीबाहेर राहतात. त्यांच्यासाठी मुदत पुढे नेण्याची मागणी आपणच जोराने मांडली पाहिजे.

भिलाईकर वाचकांस तर या कामातून अंग काढून घेता येणार नाही. 1959 पासून येथील भट्ट्यांना राजहऱ्याच्या लोहखनिजाने पोसले. ते सरत आले असून पुढची भिस्त रावघाटच्या खाणींवर आहे, आणि तिकडे जाणारा लोहमार्ग सशस्त्र सीमा बलाच्या पहाऱ्यात पुढे सरकला आहे. तेथील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा, त्याचे छत्तीसगडचे नियम 2022 चे; पण ग्रामसभेचा ठराव गोंडीत वाचून दाखविला जात नसेल आणि त्याची नक्कल गावात राहत नसेल, तर त्या संमतीस संमती म्हणण्यास आम्ही तयार नाही.

असे ठराव व वडीलधाऱ्यांची कथने यांचे नमुने छापण्यासाठी पुढील अंकापासून काही पाने राखून ठेवीत आहोत. कोंटा, उसूर, अंतागड या भागांत ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी, साक्षीदारांची नावे वगळून, आपले मसुदे पाठवावेत.